टिलगाची टिटवी

मर्ल नॉस्केने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत कुठल्याही पोराला तिला दोनदा "बस खाली" म्हणावं लागलं नाही. बस सोडून आता नऊ वर्षं झाली. बाई चौऱ्याहत्तरच्या झाल्या. तरी ती टिलगाच्या फुटबॉल क्लबात शिरली की सहा-सहा फुटी गडी आपसूक बाकावर टेकतात. कोण खिडकीसाठी भांडायचा, कोण वळणावर ओकायचा, कोण दुसऱ्याचं सँडविच पळवायचा, सगळं तिच्या ध्यानात आहे. असं लहानपणापासून ओळखणाऱ्या बाईपुढे कुणाचा शहाणपणा चालत नाही.

टिलगात गव्हाची उंच कोठारं आहेत, एक पब आहे, बंद पडलेली शाळा आहे आणि मैदान आहे. मर्लचा जन्म मैदानासमोरच्याच घरातला. मैदानाच्या दोन्ही टोकांचे गोलाचे उंच खांब तिच्या बापाने स्वतः तासून रोवलेले. संघाचं नाव टिटव्या, आणि ते काही कुणी हौसेने ठेवलेलं नाही. दर हिवाळ्यात, म्हणजे इकडे जून-जुलैत, एखादी टिटवी मैदानाच्या मधोमध अंडी घालते. उघड्यावर, चार धड काटक्याही न जमवता. मग गवत कापायचं यंत्र येवो नाहीतर अख्खा संघ येवो, ती अंगावर धावून जाते. टिटवीचं ओरडणं अशुभ मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. त्यांनी हे टिलगात येऊन मर्लला सांगून बघावं.

गेल्या तीन हंगामांत मात्र टिटव्यांच्या हातून ओरडण्यापलीकडे काही झालं नव्हतं. सत्तेचाळीस सामने आणि सत्तेचाळीस पराभव. शंभर गुणांच्या आत हरले तर लोक "बरे खेळले" म्हणायला लागले होते. त्यात पोरांचा दोष थोडाच. पूर्वी एका शेतावर चार पोरं असायची, आता एका पोराच्या गळ्यात चार शेतं. बाकीचे शहरात गेले, खाणींवर गेले. इकडचा फुटबॉल लांबट चेंडूचा, हातात धरायचीही मुभा असलेला, अठरा जणांचा खेळ, आणि शुक्रवारपर्यंत अठरा जमतील की नाही याचा घोर.

हरण्याची मर्लला लाज नव्हती. तिला चीड होती ती अर्ध्यातून उठून जाणाऱ्यांची. इथे गाड्या मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभ्या करतात आणि आपल्या संघाने गोल केला की हॉर्न वाजवतात. शेवटचा भोंगा होण्याआधी कुणी गाडी मागे घेतली, की मर्ल ते बघून ठेवायची आणि सोमवारी दुकानात बरोबर गाठायची. "काय रे, शनिवारी घराला आग लागली होती का?" असं चारचौघांत विचारायची. माणूस पावाची लादी घेऊन निमूट सटकायचा.

तिच्या शेजारच्या सीटवर नवरा डडली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झालेली, आणि हा गृहस्थ जन्माचा यूरॅबाचा. यूरॅबा बावीस किलोमीटरवर, टिलगाचा जुना वैरी. लग्नानंतर डडली मर्लच्या घरी राहायला आला. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून टिलगाचे खांब दिसायचे. तरी दर शनिवारी हा बूट पिशवीत घालून बावीस किलोमीटर जायचा आणि यूरॅबाकडून खेळायचा. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायचं तर जुन्या क्लबाची सोडचिठ्ठी लागते. ती डडलीने कधी मागितलीच नाही, हे मर्लचं एक्कावन्न वर्षांचं गाऱ्हाणं. भांडण कशावरूनही सुरू होवो, गटारावरून नाहीतर गॅसवरून, शेवटी गाडी तिथेच येऊन थांबायची.

"माझ्या बापाच्या छपराखाली राहिलास, माझ्या हातचं खाल्लंस, आणि एक कागद मागवला गेला नाही तुझ्याने."

"खाणं चांगलं होतं," डडली म्हणायचा. "संघ वाईट होता."

जूनमध्ये लीगचं पत्र आलं. पुढच्या हंगामासाठी बावीस खेळाडूंच्या सह्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत द्या. नाहीतर टिलगाचा क्लब यूरॅबात मिळवून टाकण्यात येईल. म्हणजे रंग यूरॅबाचा, मैदान यूरॅबाचं, नाव यूरॅबाचं. ऑगस्टमधला तो शेवटचा सामनाही नेमका यूरॅबाशीच. तोवर कागदावर बारा सह्या झाल्या होत्या. अकरावी हात मोडून घरी बसलेल्या एका पोराची, आणि बारावी खुद्द अध्यक्ष ग्लेनची. वय सेहेचाळीस, दोन्ही गुडघ्यांत पोलाद.

शेवटच्या गुरुवारी सरावानंतर मर्ल तो कागद घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली. पोरं बाकावर टेकली. कर्णधार ब्रोडी हेन्शके एकवीस वर्षांचा. लहानपणी बसमध्ये तिच्या मागच्याच सीटवर बसून प्रश्न विचारून डोकं उठवायचा. त्याचीच सही नव्हती.

"मिसेस नॉस्के, रागावू नका," ब्रोडी म्हणाला. "अठराव्या वर्षी या संघात आलो. तीन वर्षं झाली. एकदा, एकदासुद्धा जिंकलो नाही. यूरॅबाकडे गेलो तर निदान जिंकणं कसं असतं ते तरी कळेल. सही कशासाठी करू, सांगा ना."

"गाण्यासाठी," मर्ल म्हणाली.

"कुठलं गाणं?"

मर्ल त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी बुटाची नाडी सोडायला लागलं, कुणी मोबाइल काढला. क्लबाचं गाणं फक्त जिंकल्यावर म्हणायचं, हा इकडचा रिवाज. घामाघूम पोरं या खोलीत रिंगण करून, गळ्यात हात टाकून, घसा फाटेस्तोवर ते म्हणतात. हरल्यावर त्यातला शब्दही ओठावर आणायचा नाही. तीन वर्षं जिंकलेच नाहीत, तेव्हा तीन वर्षं कुणी म्हटलंच नाही. ज्यांना येत होतं ते निघून गेले, आणि या पोरांच्या कानावर ते कधी पडलंच नाही. टिटव्यांच्या संघात टिटव्यांचं गाणं येणारा एक माणूस उरला नव्हता.

"मग शिकवा ना आत्ता," ब्रोडी म्हणाला. "फोनवर रेकॉर्ड करतो."

"गप बस!" मर्ल म्हणाली. "ते काय वाढदिवसाचं गाणं आहे? ते शिकवत नाहीत. जिंकून शिकायचं असतं."

पोरांनी माना खाली घातल्या. एकही सही झाली नाही. घरी येऊन तिने किटली अशी आदळली की टोपण उडून चुलीमागे गेलं. डडलीने काय झालं ते विचारलं, तिने सांगितलं, आणि त्याने करू नये तो विनोद केला. "आमचं गाणं शिकवायला घे त्यांना. पुढच्या वर्षी तेच म्हणायचंय." त्या दिवशी डडलीला पुडिंग मिळालं नाही, शुक्रवारीही नाही.

शनिवारी पश्चिमेचा वारा असा सुटला होता की कोठारांचे पत्रे वाजत होते. टिलगाचे एकोणीस जण जमले. यूरॅबाचा संघ आला तो लग्नाच्या वऱ्हाडासारखा, झेंडे घेऊन. त्यांचा सेक्रेटरी नेव्हिल नॉस्के, डडलीचा सख्खा पुतण्या, मर्लच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी आमच्याकडे याल तेव्हा तुमच्या गाडीला कुंपणाला पहिली जागा ठेवतो हं."

"तुझ्या बापासारखाच गोड बोलतोस," मर्ल म्हणाली. "तोही असाच बोलायचा आणि मागून चिमटा काढायचा. चल, काचेवरून हात काढ, डाग पडतो."

सामन्याच्या चार क्वार्टरांपैकी पहिले तीन झाले ते सांगण्यासारखे नाहीत. यूरॅबाच्या गाड्यांचे हॉर्न थांबता थांबेनात. मर्ल स्टिअरिंगवर मुठी आवळून बसली होती. डडलीने सवयीप्रमाणे मांडीवर सामन्याचं पुस्तक ठेवलं होतं, आणि प्रत्येक गोल, प्रत्येक पॉइंट तो बारीक पेन्सिलीने लिहीत होता. आपल्या संघाचा गोल झाला की त्याचा हात हॉर्नकडे वळायचा. हॉर्न मर्लच्या पुढ्यात. ती त्याच्या बोटांवर चापट मारायची. तिसरा क्वार्टर संपता संपता टिलगाच्याच सात-आठ गाड्या मागे फिरल्या. मर्लने काच खाली करून ओरडून एकेकाचं नाव घेतलं. वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं असेल असं नाही. पण तिचं समाधान झालं.

चौथ्या क्वार्टरला वारा टिलगाच्या पाठीशी आला. यूरॅबाने आपले तीन मोठे खेळाडू पुढच्या बाद फेरीसाठी राखून बाहेर बसवले. ब्रोडीने अर्ध्या मैदानावरून लाथ घातली ती वाऱ्यावर तरंगत सरळ मोठ्या खांबांमधून गेली. मर्लने हॉर्न इतका वेळ दाबून धरला की डडली म्हणाला, "बॅटरी उतरेल गं." मग यूरॅबाचे दोन झाले, टिलगाचा आणखी एक झाला. बाकी लोक घड्याळ बघत होते. शंभरावर आणखी वीस गुणांचा फरक पडलेला सामना कोण बघतो? मर्ल बघत होती. ती डडलीच्या पुस्तकात डोकावत होती.

"या क्वार्टरचं सांग," ती म्हणाली. "फक्त याचं."

डडलीने पेन्सिल फिरवली. "चौदा. आणि... चौदा."

तेवढ्यात ब्रोडीच्या हातात पुन्हा चेंडू आला. कोन वाईट होता, पायात गोळे आले होते. त्याने मारला आणि चेंडू खाडकन मोठ्या खांबावर आदळला. मर्लच्या बापाने तासलेल्या खांबावर. गोल असता तर सहा गुण, खांबाला लागला म्हणून एक. सगळं मैदान हळहळलं. ब्रोडीने डोक्याला हात लावला. शेवटचा भोंगा वाजला, आणि त्या भोंग्याच्या वर एक हॉर्न वाजत राहिला.

"अगं खांबाला लागला!" डडली म्हणाला. "हुकला!"

"एक पॉइंट," मर्ल म्हणाली. "लिही. आणि चल आत, पुस्तक घेऊन."

"मी? तुमच्या खोलीत? यूरॅबाचा माणूस?"

"साक्षीदार म्हणून चल. तुझ्या पुस्तकावर तरी त्यांचा विश्वास बसेल. मी सांगितलं तर म्हणतील म्हातारीला भ्रम झाला."

आत ग्लेन पोरांची समजूत काढत होता. झुंजलात, कुणाला दोष नाही, यूरॅबाचे लोकही माणसंच आहेत, वगैरे. मर्ल शिरली तशी चिखलाने भरलेली पोरं बाकावर टेकली.

"डडली, वाच," ती म्हणाली.

डडलीने चष्मा पुसला. त्याला ते जड जात होतं, पण पुस्तकात लिहिलेलं खोटं वाचणारा तो नव्हे. "चौथा क्वार्टर. टिलगा दोन गोल, तीन पॉइंट. पंधरा. यूरॅबा दोन गोल, दोन पॉइंट. चौदा."

मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "पण मॅच एकशे एकवीसने हरलोय, मिसेस नॉस्के."

"ती पहिल्या तिन्हींत हरलात. चौथा कुणाचा?"

"वारा आपल्या बाजूने होता."

"पहिल्याला त्यांच्या बाजूने होता. त्यांनी परत दिला का? वारा काय त्यांच्या बापाचा?"

"त्यांचे मोठे खेळाडू बाहेर बसले होते."

"मग उठायचं होतं! कुणी बांधून ठेवलं होतं?" मर्लचा आवाज आता बस चालवतानाचा झाला होता. "तीन वर्षं मी त्या कुंपणाशी बसून तुमचा मार बघतेय. एक दिवस चुकवला नाही. आज तुम्ही यूरॅबाकडून पंचवीस मिनिटं काढून घेतलीत. ती त्यांना परत द्यायची नाहीत. उठा. रिंगण करा."

पोरं उठली. आणि मर्ल नॉस्केने, जिने उभ्या आयुष्यात चर्चमध्येसुद्धा धड सूर लावला नव्हता, हरलेल्या संघाच्या खोलीत रिवाज मोडून क्लबाचं गाणं सुरू केलं.

"ना झाड आम्हाला, ना फांदी,
उघड्यावर आमचं घर,
पाऊल इकडे टाकशील गड्या,
तर टोच बसेल डोक्यावर!"

पहिल्यांदा ती एकटीच म्हणाली. दुसऱ्यांदा ब्रोडी पुटपुटला. तिसऱ्यांदा सगळी खोली. चौथ्यांदा पत्र्यावरची धूळ खाली आली. पलीकडच्या खोलीतून यूरॅबाचे लोक भिंतीवर थापा मारायला लागले, "ए, हरलात तुम्ही! हरलात!" टिटव्यांनी आवाज आणखी चढवला. वेळ आली की टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. समुद्राचं माहीत नाही, पण त्या दिवशी भिंतीपलीकडच्या थापा आधी थांबल्या.

ब्रोडीने डोळे पुसले, घामाने भरले असतील, आणि हात पुढे केला. "कागद द्या." त्याच्यामागे एकेक करून बाकीचे आठ. चिखलाच्या बोटांचे ठसे उमटले. ग्लेनने मोजलं, परत मोजलं. एकवीस.

सहाला पंचवीस मिनिटं होती. सह्यांची यादी घ्यायला आलेली लीगची बाई क्लबाच्या हॉलमध्ये हीटरशी चहा घेऊन बसली होती. ग्लेन फोन लावत सुटला. कुणी उचलला नाही, कुणी "सोमवारी बोलू" म्हणालं. अर्ध्यातून घरी गेलेल्यांपैकी एकानेही नाही.

"माझं घाल," मर्ल म्हणाली.

"पुरुषांची स्पर्धा आहे, मर्ल."

"वयाची अट आहे का?"

"वयाची नाही."

मर्लने कागद खाली ठेवला. एका सहीपायी. पोरांनी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा डडली तिथे नव्हता. घरी गेला असेल, तिला वाटलं. त्याचा संघ जिंकला होता, त्याने का थांबावं?

डडली पलीकडच्या खोलीच्या दारात होता. मर्ल त्याला हाक मारायला बाहेर आली आणि तिला त्याचा आवाज ऐकू आला.

"नेव्हिल, माझी सोडचिठ्ठी दे."

नेव्हिल हसला. "काका, काकूने हाकललं का?"

"क्लबाची. सतराव्या वर्षी तुमच्याकडे नाव घातलं, ते अजून तुमच्याकडेच आहे. मला टिलगाकडून सही करायचीये."

नेव्हिलचं हसू गेलं. "शहात्तर वर्षांचे आहात तुम्ही. हा बाविसावा आहे ना? मी नाही देणार."

"तुझ्या बापानेही नव्हती दिली," डडली म्हणाला. तो कधी आवाज चढवत नसे, आताही नाही चढवला. "माझ्या लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात मी मागितली होती. तो सेक्रेटरी होता, माझा थोरला भाऊ. माझ्यासमोर फाडली त्याने. म्हणाला, बायको कर त्यांची, पण पाय आमचेच राहतील. मी ऐकून घेतलं. तेव्हा मी पंचवीसचा होतो. आता ऐकायला मला वेळ नाही. सोडचिठ्ठीच्या कागदावर सही कर, नाहीतर आत्ता हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांगतो, की लीगमध्ये पहिला आलेला क्लब एका म्हाताऱ्याला घाबरला."

नेव्हिलने मागे पाहिलं. त्याचे खेळाडू ऐकत होते, आणि एक-दोघं हसतही होते. त्याने सही केली. पेन इतकं दाबून, की कागद फाटायचाच राहिला.

डडली वळला तर समोर मर्ल.

"मागितली होतीस?" ती म्हणाली.

"हो."

"एक्कावन्न वर्षं मी तुला त्यावरून बोलतेय!"

"हो. चांगलं बोलतेस."

"आणि सांगितलं नाहीस, मेल्या?"

"सख्ख्या भावाने तोंडावर फाडली, हे सांगू? लाज वाटली. पुढे तू इतकं झकास भांडायला लागलीस की तुझा मुद्दा काढून घ्यावासा वाटेना." डडलीने कोटाच्या खिशातून चष्मा काढला. "सही कुठे करायची ते दाखव. सहा वाजतील."

त्याने बाविसावी सही केली. पुढे खेळाडूची जागा लिहायची चौकट होती. डडलीने विचार करून फुल-बॅक लिहिलं, आपल्या खांबांपुढे उभा राहणारा शेवटचा रक्षक.

"वेडा आहेस का?" मर्ल म्हणाली. "आमच्यात सगळ्यात जास्त पळापळ फुल-बॅकचीच असते. चेंडू कायम तिथेच असतो."

"माहितीये. तीन वर्षं लिहून घेतोय."

लीगच्या बाईने यादी वाचली, जन्मसालाशी थांबली, डडलीकडे पाहिलं, मग मर्लकडे. मर्ल तिच्याकडे अशी बघत होती की बाईने शिक्का उचलला आणि मारला. सहाला चार मिनिटं कमी होती. पोरांनी हॉलमध्येच पाचव्यांदा गाणं सुरू केलं, आणि आता त्यांना ते सगळं येत होतं.

बाहेर दिवस मावळला होता. मैदानावर टिटव्या उगीचच कशावर तरी तुटून पडत होत्या. मर्ल गाडीपाशी आली, उभी राहिली, आणि कधी नव्हे ती किल्ली डडलीच्या हातात देऊन डावीकडे जाऊन बसली. डडली स्टिअरिंगपुढे स्थिरावला. गाडी चालू करायच्या आधी त्याने तळहात हॉर्नवर ठेवला आणि लांबलचक दाबला. हॉलमधली पोरं खिडकीशी धावली.

"हा कशाचा?" मर्लने विचारलं.

"त्या खांबाचा," डडली म्हणाला. "मघाशी राहून गेला."